प्रेमाताईचे मोजे

मे महिन्यात, रत्नागिरीच्या चिकचिकाटात, पायात जाडजूड मोजे घालून बसलेली बाई तुम्ही कधी बघितली आहे? मी बघितली आहे. माझी सख्खी नणंद. आणि ते मोजे तिच्या पायांत मीच चढवले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही. तरी ठेवणार. आमच्या सासूबाईंना तर ठेवणारच.

नणंदेचं नाव प्रेमला. आम्ही प्रेमाताई म्हणतो. एक्केचाळीस वर्षांची, माझ्या नवऱ्याहून मोठी. प्रमोद बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरात नसतो. मूळ घर देवरूखच्या बाजूला, पण आता सासूबाई, प्रेमाताई आणि मी अशा आम्ही तिघी मांडवीत राहतो. प्रेमाताईचे हात जन्मापासून तिचं ऐकत नाहीत. पेला धरायला म्हणून उजवा हात पुढे करायला जाते, तर तो कानामागे जातो. डावा त्यातल्या त्यात बरा, म्हणजे तो निदान पुढच्या बाजूला तरी राहतो. बोलणं ओढत, अडखळत. नवख्या माणसाला पहिली पाच मिनिटं काही कळत नाही, आणि नवखं माणूस पाच मिनिटं थांबत नाही, म्हणून लोक तिला खुळी समजतात.

खुळी! अहो, बाहेरून बी.ए. केलंय बाईने, लेखनिक घेऊन. लेखनिकाने एक वेलांटी चुकवली तरी त्याला थांबवून दुरुस्त करायला लावायची. तो पोरगा शेवटच्या पेपरला हात जोडून म्हणाला, ताई, एवढं शुद्ध मी माझ्या परीक्षेत पण लिहिलं नाय. कोळीण दारात आली की आतल्या खोलीतून नुसत्या वासावर सांगते, "नम्रता, बांगडे कालचे आहेत, घेऊ नकोस." कोळीण मला शिव्या देते, तिला नाही.

आणि पाय. पायांचं काय सांगू! पायाची बोटं तिची अशी चालतात की माझ्या हाताची चालत नाहीत. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची, समोर दुमडलेल्या गोधडीवर मोबाईल ठेवायची, आणि अंगठ्याने फटाफट मराठी टाईप करायची. माझ्या मोबाईलवर "दूध आण, विसरू नकोस" असा मेसेज यायचा तो शेजारच्या खोलीतून पायाने आलेला असायचा. आमच्या घरचे पावटे गेली कित्येक वर्षं तिच्या पायांनी सोललेत आणि सासूबाईंनी ते बोटं चाटत खाल्लेत. त्यांना माहीत नाही. आता तुम्ही सांगायला जाऊ नका.

पण हे सगळं दार लावून. कारण आपल्याकडे कसं आहे, पुस्तकाला, ताटाला, केरसुणीला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून तो कपाळाला लावतो. प्रेमाताईचा पाय चुकून लागत नव्हता, मुद्दाम लागत होता. आणि नमस्कार करायला तिच्याकडे हात नव्हता. दसऱ्याला ज्या वस्तूची पूजा करायची, तिच्यावर वर्षभर पाय नाचवायचे, हे तिलाच कुठेतरी आत खुपायचं. सासूबाई कधी ओरडल्या नाहीत हो. नुसत्या खोलीत आल्या की कोपऱ्यातली चादर घेऊन तिच्या पायांवर टाकायच्या. एक शब्द न बोलता. मग प्रेमाताईच शिकली. कुणाच्या चपलांचा आवाज आला की पाय आत, साडीखाली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचे पाय मला दिसायलाच वर्ष गेलं.

तर गेल्या उन्हाळ्यात तिला कामाची संधी आली. एका वाचनालयातली जुनी हस्तलिखितं संगणकावर टाईप करून घ्यायची होती, आणि ते काम अपंग माणसांना घरबसल्या द्यायचं असं इथल्या एका संस्थेने ठरवलं होतं. संगणक तेच देणार, वर ज्याच्या त्याच्या शरीराला जमेल असं सामानही जोडून देणार. त्यासाठी पुण्याहून एक मॅडम येऊन प्रत्येकाला बघणार होत्या: मान किती वळते, बसता कसं येतं, कुठलं बोट चालतं. प्रेमाताईने ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवलीच नाही. "नम्रता," म्हणाली, "माझं स्वतःचं काम. ह्या वयाला का होईना." एवढं वाक्य म्हणायला तिला किती वेळ लागला म्हणून सांगू, पण म्हणाली.

मी म्हटलं, मग काय, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मॅडमसमोर पाय दाखव, पाच मिनिटांत काम तुझं.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "परक्या बाईसमोर? पायाने? आणि तिथे आई असणार."

सासूबाईंनी तर तो विषयच उडवून लावला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाल्या. "डाव्या हातान जमव बाय. जमेल." आणि मग सुरू झाली आमच्या घरात तयारी. मुलगी बघायला येणार म्हणून करतात ना, तश्शी! रोज दुपारी मी तिचं कोपर ओढणीने खुर्चीला बांधायची, मुठीत रबराची पेन्सिल द्यायची, आणि ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकच वाक्य मारायचा सराव करायची. "माझे नाव प्रेमला." एवढंच. घामाने निथळायची. मनगट लाल व्हायचं. पण घोकून घोकून ते वाक्य तिच्या हातात बसवलं आम्ही.

मॅडमचं नाव श्रद्धा. पोरगी माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला गोड आणि धीराची. पूर्ण पाच मिनिटं थांबली आणि प्रेमाताईचं बोलणं तिला कळायला लागलं. आम्ही संस्थेच्या ऑफिसात गेलो ते अबोली साडी, केसांत गजरा, आणि पायांत मोजे, वर बूट. मोज्यांची कल्पना सासूबाईंची. "चुकून पाय पुढे यायला नको." कांदेपोहे तेवढे राहिले होते.

श्रद्धा मॅडम म्हणाल्या, "ही परीक्षा नाहीये हं. मला तुमची अडचण बघायचीय. घरी जशा बसता तशा बसा." आता अडचण कोण दाखवतं हो? पाहुणे येणार म्हटलं की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो. सासूबाई म्हणाल्या, "घरी खुर्चीवरच बसते ती." खोटं. मॅडमने टेप लावून मापं घेतली. एक मोठं लाल बटण कधी हाताजवळ, कधी हनुवटीखाली, कधी कानापाशी धरून दाबायला लावलं. मग टाईप करायला सांगितलं, आणि प्रेमाताईने ते घोकलेलं वाक्य मारलं. सगळं अंग ताणून, जीभ दाताखाली धरून मारलं, पण एकही चूक नाही.

"वा!" मॅडम म्हणाल्या. मग विचारलं, "आणि घरी मोबाईल कसा वापरता?"

मी तोंड उघडलं. प्रेमाताईने माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं, नको गो नको, अशी नजर. मी मूग गिळून बसले. सासूबाई म्हणाल्या, "हातानेच. सावकाश करते."

झालं. मॅडमने लिहिलं, डावा हात. आणि आठवड्याभरात घरी सामान आलं: संगणक, हे एवढाल्या बटणांचा कीबोर्ड, त्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची झाकणी, म्हणजे बोट घसरून शेजारच्या बटणावर जाऊ नये, आणि मनगटाला टेकू. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं. कीबोर्ड टेबलावर असा विराजमान झाला आणि तसाच राहिला. कारण प्रेमाताईने पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्यावर हात आपटला आणि जेमतेम दोन ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी खांदा उचलवेना.

मी चिडले. म्हटलं, "मॅडमला फोन करते आणि खरं सांगते." तर ती रडायला लागली. बरं, तिचं रडणं पण असं, की हात डोळ्यांपर्यंत न्यायला जावा आणि तो भलतीकडेच जावा. कोणाला बघवेल? मग तिनेच मार्ग काढला. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी दार लावायची, संगणकाची वायर जमिनीपर्यंत ओढायची आणि संगणकाबरोबर आलेला साधा कीबोर्ड गोधडीवर ठेवायची. आणि ताईसाहेब सुरू! पानामागून पान. ती जुन्या वळणाची अक्षरं, ती पुसट शाई, सगळं लावायची. संस्थेतून फोन आला, एवढं स्वच्छ काम दुसऱ्या कुणाचं नाही. ती लाजली, हसली, आणि लगेच दाराकडे बघितलंन.

मग मॅडमनी व्हिडिओ मागितला. नव्या सामानावर हात कसा चालतो ते बघायला. आता कपाळ! मी काढला व्हिडिओ. तेच वाक्य, तोच हात, फक्त हातच दिसेल असा. मॅडमनी विचारलं, इतर पालकांना दाखवू का, त्यांना हुरूप येईल. प्रेमाताई नाही कशी म्हणणार? कारण काय सांगणार? हो म्हणाली.

सप्टेंबरात मॅडम परत आल्या आणि पालकांची सभा ठेवली. प्रेमाताईला पुढे बसवायचं होतं. ती म्हणाली, मला ताप आलाय. सासूबाईंनी कपाळाला हात लावून बघितलं, "कसला ताप? चल." त्यांना मिरवायचं होतं. जन्मभर लेकीला चादरीखाली झाकलं, आता एकदा तरी चारचौघांत दाखवायची होती. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पुन्हा अबोली साडी, पुन्हा मोजे.

सभागृहात पाच-सहा कुटुंबं होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर आमचा व्हिडिओ. आम्ही प्रेमाताईला पुढच्या खुर्चीवर बसवलं, तशी एक बाई धावत आली आणि प्रेमाताईच्या पाया पडली. राजापूरची, रसिका नावाची. सकाळच्या एस.टी.ने आलेली. "ताई, तुमचा व्हिडिओ रोज दाखवते हिला. रोज. म्हणते बघ, त्यांना जमलं, तुला का जमत नाय?"

'ही' म्हणजे तिची मुलगी अक्षया. नऊ वर्षांची. प्रेमाताईसारखेच हात, सैरभैर. चाकाच्या खुर्चीत बसलेली. डाव्या मनगटाला क्रेपची पट्टी, आणि पट्टीच्या वर कोपरापर्यंत हात सुजलेला, टरटरीत. समोर तसाच मोठ्या बटणांचा कीबोर्ड. आणि पाय, दोन्ही पाय, घोट्याशी ओढणीने खुर्चीच्या दांडीला बांधलेले.

"पाय का बांधलेत?" मी विचारलं.

"मध्ये मध्ये करतात हो," रसिका म्हणाली. "कीबोर्ड दिसला की पाय वर घेते. वळण नको लागायला."

मी प्रेमाताईकडे बघितलं. ती त्या ओढणीकडे बघत होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं तिच्या. मला वाटलं आता ही खुर्चीवरून खाली पडते. मग हळूहळू तिचा चेहरा, कान, मान, सगळं लालबुंद झालं. माणूस लाजेने असं पेटलेलं मी बघितलं नव्हतं.

श्रद्धा मॅडम पुढे आल्या. "तर ह्या प्रेमलाताई. आता त्या आपल्याला दाखवतील—"

"नम्रता," प्रेमाताई म्हणाली. "मोजे काढ."

"प्रेमा!" सासूबाई ओरडल्या. एवढ्या मोठ्याने त्या आयुष्यात तिच्यावर ओरडल्या नसतील.

"काढ गो."

मी खाली बसले. बुटाचे बंद सोडले. मोजे घामाने पायाला चिकटलेले, ओढून काढावे लागले. सगळे बघत होते. कोणाला काही कळेना. मी टेबलावरच्या, पडद्याला जोडलेल्या संगणकाचा साधा कीबोर्ड उचलला, जमिनीवर ठेवायला वाकले, तर सासूबाईंचा आवाज आला, रडवेला, "जमिनीवर नको गो. खाली काहीतरी घाल तरी." मी माझी ओढणी घडी करून घातली. प्रेमाताईला खुर्चीवरून उतरवलं, भिंतीला टेकवून बसवलं. अबोली साडी गुडघ्यापर्यंत वर गेली. कुणीतरी मागे "अगोबाई" म्हणालं.

तिने पाय पुढे घेतला. क्षणभर तसाच हवेत राहिला. मग पडद्यावरचा व्हिडिओ गेला आणि अक्षरं यायला लागली, भराभर, आम्ही वाचेपर्यंत पुढची ओळ.

"व्हिडिओ खोटा आहे. माझे हात चालत नाहीत. सगळी पानं मी पायाने केली. मॅडमनी विचारलं होतं. मला लाज वाटली म्हणून मी सांगितलं नाही. मुलीचे पाय सोडा."

मग रसिका पेटली. का नाही पेटणार? "म्हणजे? माझ्या पोरीचा हात मी उगाच मोडला? रोज रडते ती! रात्री हात उशाला घेऊन झोपते! तुम्हाला काय हो, तुमची लाज राहिली, आणि माझी पोर—" ती मटकन खाली बसली, आणि पोरीच्या घोट्याच्या गाठी सोडायला लागली. गाठी घट्ट बसलेल्या, सुटेनात. दातांनी सोडवल्या तिने.

मी मनात म्हटलं, गेलं. काम गेलं, इज्जत गेली. श्रद्धा मॅडम पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पानं तुम्हीच केलीत, काम तुमचंच राहील. पण मी चुकीचं लिहून बसले. मी विचारलं, पण बूट काढा म्हणाले नाही. आणि एकाचा व्हिडिओ दुसऱ्याला दाखवला." त्यांनी पिशवीतून टेप काढली. "आज सगळ्यांना पुन्हा बघू. पायांसकट."

दिलासा म्हणाल तर हाच. पण प्रेमाताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती जमिनीवरून अक्षयाकडे बघत होती. अक्षयाचे पाय सुटले होते, घोट्यांवर ओढणीचे वळ उठले होते, आणि सुटल्या सुटल्या पोरीने काय केलं असेल? फ्रॉकच्या आत ओढून घेतले. नऊ वर्षांची पोर! कोणी चादर टाकायची गरजच नाही, आपली आपण झाकली.

"तुला येतं?" प्रेमाताईने विचारलं. "पायाने?"

अक्षयाने आधी आईकडे बघितलं. मग मान हलवली. तिचंही बोलणं असंच ओढत, अडखळत, पण प्रेमाताईचं तिला एका झटक्यात कळत होतं आणि हिला तिचं. आम्हीच मध्ये अडाण्यासारखे. "चित्र काढते," ती म्हणाली. "आई नसली की."

"आणि असली की?"

"मारते."

रसिकाने तोंड पदरात घातलं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या.

अक्षया थोडी पुढे वाकली. मुलं विचारतात तसं सरळ, काहीही मनात न धरता तिने विचारलं, "तुम्हाला कोण मारतं?"

"मला?" प्रेमाताई गोंधळली. तिने सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात तिच्यावर कोणी कधी बोट उगारलं नव्हतं. "मला नाही गो. मला कोणीच मारत नाही."

"मग का लपवता?" अक्षयाने विचारलं.

माझी नणंद बी.ए. आहे. कोणाला उत्तर द्यायची राहत नाही. पण त्या पोरीसमोर ती मान खाली घालून बसून राहिली, आणि अक्षया उत्तराची वाट बघत राहिली.